ऑक्सिमीटरला ‘सांगता येत नाही’ म्हणू द्या : यंत्रे बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, स्मार्ट घड्याळे, अंगठ्या आणि मनगटी पट्टे बनवणाऱ्या सर्व कंपन्या

स.न.वि.वि.

मी रुग्णालयातील उपकरणांची देखभाल करते. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप यांच्याबरोबर ऑक्सिमीटरचे सेन्सर तपासणे, बदलणे हे माझे रोजचे काम. त्यामुळे ओळखीचे लोक अडीअडचणीला मलाच फोन लावतात. प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘घड्याळात ८९ दाखवतंय, काय करू?’ हा आकडा म्हणजे सॅच्युरेशन, रक्तातले किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले आहे ते.

मी डॉक्टर नाही, म्हणून मी आकड्याकडे वळण्याआधी माणसाबद्दल विचारते. सलग वाक्य बोलता येतेय का, धाप लागलीय का, वागण्यात गोंधळ दिसतोय का. मग हात गार आहेत का, नखांना रंग आहे का, घड्याळ सैल आहे का. पुष्कळदा हे बोलणे संपेपर्यंत आकडा ९६ वर आलेला असतो. काळजी करायला लावणारे फोन उलट प्रकारचे असतात. माणूस धापा टाकतोय, पण घरातले निवांत आहेत, कारण ‘सॅच्युरेशन तर ९६ आहे’. अशा वेळी मी एवढेच म्हणते, आकडा बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना गाठा.

या दोन्ही फोनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि ती तुमच्या हातात आहे. तुमचे यंत्र स्वतःला किती खात्री आहे हे सांगत नाही. सिग्नल भक्कम असो वा जेमतेम, पडद्यावर तोच ठळक, नेमका, दोन अंकी आकडा उमटतो. तो पाहणाऱ्याला वाटते की रक्तातला ऑक्सिजन मोजला गेला. प्रत्यक्षात काय होते ते तुम्हाला माहीत आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात लिहिते.

यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडते : साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड. ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषते, ऑक्सिजन सोडलेले जास्त शोषते. इन्फ्रारेडच्या बाबतीत उलटे. त्वचा, हाड, शिरांतले रक्त हे सगळेच प्रकाश अडवतात, पण त्यांचे अडवणे क्षणाक्षणाला फारसे बदलत नाही. ठोक्यागणिक बदलतो तो धमनीतल्या रक्ताचा वाटा. यंत्र तेवढाच बदल वेगळा काढते, दोन्ही प्रकाशांतल्या बदलांचे गुणोत्तर काढते आणि आपल्या पोटातल्या तक्त्यात पाहून आकडा सांगते. तो तक्ता येतो निरोगी स्वयंसेवकांकडून. त्यांना ऑक्सिजन कमी असलेली हवा श्वासातून देतात, धमनीतले रक्त काढून तपासतात आणि गुणोत्तराशी जुळवतात. कुणाचेही सॅच्युरेशन प्रयोगासाठी ७० टक्क्यांच्या फार खाली नेणे योग्य नाही, म्हणून तक्ता साधारण तिथेच थांबतो. तरीही बाजारातली काही यंत्रे ६२ किंवा ५८ असा आकडा बिनदिक्कत दाखवतात. तो पुढे ओढलेल्या रेषेवरचा अंदाज असतो.

ही युक्ती ज्यांना सुचली ते जपानी अभियंता ताकुओ आओयागी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला निहोन कोहडेन कंपनीत ते रक्तात रंगद्रव्य सोडून हृदयाचे कार्य मोजण्याच्या पद्धतीवर काम करत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे नोंदीवर येणाऱ्या लाटा त्यांच्या वाटेत येत होत्या. त्या पुसून टाकण्यासाठी त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश जोडीला घेतला. ऑक्सिजन बदलला की हे पुसणे बिघडते, हे लक्षात आले आणि अडचणीच्या त्या लाटांमधूनच सॅच्युरेशन काढता येईल असे त्यांना दिसले. १९७४ मध्ये त्यांनी ते मांडले. एप्रिल २०२० मध्ये ते गेले, नेमके जग त्यांच्या यंत्रासाठी धावाधाव करत असताना. मी हे मुद्दाम सांगतेय. नको असलेला सिग्नल ही या यंत्राची जन्मकथाच आहे. आज त्याच सिग्नलची गुणवत्ता ग्राहकापासून लपवली जाते.

आता अचूकतेबद्दल. आयएसओ ८०६०१-२-६१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ७० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात ऑक्सिमीटरची चूक, म्हणजे सगळ्या चुकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, ४ टक्क्यांच्या आत असली पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये बोटाच्या आरपार प्रकाश सोडणाऱ्या यंत्रांसाठी ३ आणि परावर्तित प्रकाशावर चालणाऱ्यांसाठी ३.५ ही मर्यादा सुचवली. या आकड्याचा अर्थ बहुतेक ग्राहक असा लावतात की चूक चारच्या पुढे जाणारच नाही. तसा तो नाही. ढोबळ मानाने तीनांपैकी दोन नोंदी त्या मर्यादेत बसतात, तिसरी बाहेर जाऊ शकते. म्हणजे पडद्यावर ९० असेल तर खरे सॅच्युरेशन ८६ ते ९४ मध्ये कुठेही असू शकते, आणि अधूनमधून त्याच्याही बाहेर. ही मानकात बसणाऱ्या, परीक्षा दिलेल्या यंत्राची गोष्ट झाली. ज्यांनी परीक्षाच दिली नाही त्यांच्याबद्दल काय बोलावे?

त्यात पुन्हा सॅच्युरेशनचा आलेख सरळ नाही. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटरवरून ६० पर्यंत उतरतो तेव्हा सॅच्युरेशन ९७-९८ वरून जेमतेम ९० पर्यंत येते. तिथून पुढे मात्र उतार तीव्र होतो. त्यामुळे ९८ चे ९७ झाले म्हणून हळहळणारी माणसे पाहिली की मला तुमचा राग येतो, त्यांचा नाही. वरच्या टोकाला एका अंकाच्या फरकाला काहीही अर्थ नाही, हे पडद्याने त्यांना कधी सांगितलेच नाही. उलट ९२ आणि ८८ यांच्यातला फरक फार मोठा असू शकतो, आणि नेमका तोच पट्टा यंत्राच्या चुकीत बुडतो.

मनगटावरच्या यंत्रांची अडचण आणखी वेगळी. बोटाच्या टोकाला बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि प्रकाश आरपार जातो. मनगटाच्या वरच्या बाजूला ते जाळे विरळ, खाली हाडे आणि स्नायूंच्या दोऱ्या, आणि सेन्सरला मिळतो तो परत आलेला थोडासा प्रकाश. त्यात ठोक्याचा वाटा फारच बारीक. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो, अति घट्ट असेल तर रक्तच दाबले जाते. झोपेत माणूस त्याच हातावर वळला की तेच होते. सकाळी उठून ‘रात्री माझा ऑक्सिजन ८२ ला गेला होता’ म्हणणाऱ्यांपैकी काहींना खरोखर झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल आणि त्यांनी तपासणी करून घ्यायलाच हवी. पण काहींचा फक्त हात अंगाखाली होता. या दोघांना वेगळे ओळखायला घड्याळात हालचालीचा सेन्सर असतो, सिग्नलची ताकद आतल्या आत मोजलेली असते. मग रात्रीच्या आलेखावर त्या खड्ड्याला राखाडी रंग देऊन ‘येथे सिग्नल कमजोर होता’ एवढे लिहायला काय हरकत आहे?

हालचालीबद्दल एक गंमत सांगते, गंमत म्हणायची तर. साध्या यंत्राला ठोक्याऐवजी नुसता थरथराट मिळाला तर दोन्ही प्रकाशांतला बदल सारखाच होतो, गुणोत्तर एकच्या जवळ येते, आणि तक्त्यात एकचे उत्तर आहे साधारण ८५. कंपवाताच्या रुग्णाच्या बोटाला लावलेले स्वस्त यंत्र ८५ च्या आसपास घुटमळू लागले की आमच्या खात्यातल्या कुणालाही आधी शंका येते ती सेन्सरची. घरच्या माणसाला ही शंका कशी यावी? रुग्णालयातील चांगल्या यंत्रांत हा थरथराट वेगळा काढण्याच्या पद्धती १९९०च्या दशकापासून आहेत, आणि तरीही तिथे आकड्याशेजारी नाडीची लाट दाखवतात, सिग्नलचा दर्जा दाखवतात. प्रशिक्षित परिचारिकेला जे लागते ते अप्रशिक्षित आजोबांना लागणार नाही, असे तुम्ही कोणत्या हिशेबाने ठरवलेत?

तुमचे उत्तर मला अंदाजाने माहीत आहे. आकड्याऐवजी दोन आडव्या रेषा दाखवणारे यंत्र ग्राहकाला बिघडलेले वाटते आणि ते परत येते. म्हणून काहीतरी दाखवायचे. पण रिकाम्या पारड्यालाही वजन दाखवणारा तराजू कुणी चांगला म्हणेल का? घरगुती ब्लडप्रेशर यंत्र पट्टा नीट नसेल तर सरळ एरर दाखवते. लोक पट्टा पुन्हा गुंडाळतात, शांत बसतात, पुन्हा मोजतात. कुणी ते यंत्र खिडकीबाहेर फेकत नाही. काही घड्याळे आजही मोजणी जमली नाही असे सांगतात, त्यांचे मी मनापासून कौतुक करते. पण ती अपवाद आहेत, आणि बोटाच्या स्वस्त क्लिपांत तर अपवादही शोधावे लागतात.

खात्री होईपर्यंत न बोलणारे यंत्र बनवता येते, याचा पुरावा तुमच्याच व्यवसायात आहे. अ‍ॅपलच्या घड्याळावर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला हृदयाचा अभ्यास पाहा. ४,१९,२९७ लोक सहभागी झाले आणि नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली २,१६१ जणांना, म्हणजे सुमारे अर्ध्या टक्क्याला. एका वेड्यावाकड्या नोंदीवर घड्याळ ओरडत नव्हते. सहापैकी पाच नोंदी अनियमित आल्या तरच सूचना जात होती. सूचनेनंतर ज्यांनी छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांतल्या ३४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा विकार, सापडला. त्या अभ्यासावर आक्षेप घेता येतात, पण ‘थांब, पुन्हा पाहा, मग बोल’ ही शिस्त मला आवडली. हीच शिस्त ऑक्सिजनच्या आकड्याला का लावत नाही?

नाडीचा विषय निघालाच आहे तर थोडे त्याबद्दल. तुमचे घड्याळ हिरव्या प्रकाशाने मनगटापर्यंत पोचलेले ठोके मोजते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत येतच नाहीत, आणि मग घड्याळ हृदयाच्या खऱ्या गतीपेक्षा कमी आकडा दाखवते. धावताना याउलट ते कधी कधी पावलांची लयच नाडी म्हणून पकडते. पण नाडीच्या आकड्याचा एक फार मोठा उपयोग तुम्ही कुणाला सांगत नाही. यंत्रातली नाडी आणि मनगटावर बोटे ठेवून स्वतः मोजलेली नाडी जुळत नसेल, तर शेजारच्या ऑक्सिजनच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नये. यंत्राला ठोकेच नीट सापडले नाहीत, तर ठोक्यांमधून काढलेले गुणोत्तर कुठून बरोबर येणार? फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला सांगते. हे वाक्य तुमच्या खोक्यावर छापायला जागा लागेल ती दोन ओळींची.

त्वचेच्या रंगाबद्दल मात्र दोन ओळींत भागणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्रवजा अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतले खरे सॅच्युरेशन ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के निघाले आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के. तिपटीहून थोडे जास्त. रुग्णालयातल्या यंत्रांवरचा हा निष्कर्ष आहे, घरातल्या क्लिपांवरचा नाही. २०१३ च्या अमेरिकन मार्गदर्शनात चाचणीसाठी किमान १० स्वयंसेवक आणि त्यांत गडद त्वचेचे किमान २ किंवा १५ टक्के, यांतले जे जास्त असेल ते, एवढीच अपेक्षा होती. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या मसुद्यात ही संख्या दीडशेपर्यंत नेण्याचे आणि त्वचेचा रंग नीट मोजून नोंदवण्याचे सुचवले आहे. जगातल्या बहुसंख्य माणसांची त्वचा गोरी नाही. तरीही यंत्र कोणकोणत्या वर्णाच्या किती जणांवर तपासले, हे सांगणारा एकही खोका माझ्या हातात अजून पडलेला नाही. चूक कोणत्या दिशेला होते तेही लक्षात घ्या. गडद त्वचेवर यंत्र बहुधा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. म्हणजे ज्याला मदतीची गरज आहे त्यालाच ते ‘ठीक आहे’ म्हणते.

काही गोष्टी तर दोन रंगांच्या प्रकाशाला दिसणेच शक्य नाही. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर चालू राहून कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली, तर त्या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाशाला ऑक्सिजनवाल्यासारखेच वाटते. माणूस मरणाच्या दारात आणि पडद्यावर ९८. रक्तच कमी असेल तर असलेले हिमोग्लोबिन पूर्ण भरलेले असते, आकडा उत्तम दिसतो, शरीराला पोचणारा ऑक्सिजन मात्र अपुरा. आणि कार्बन डायऑक्साइड साठतोय का, हे तर ऑक्सिमीटर कधीच सांगत नाही. या सूचना माहितीपत्रकात कुठेतरी असतात, हे मान्य. माहितीपत्रक भिंगाशिवाय वाचता येत नाही आणि खोक्याबरोबर फेकले जाते, हे तुम्हीही मान्य करा.

सर्वांत जास्त त्रास मला होतो तो गजराचा. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, असलेल्या ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी डॉक्टर सॅच्युरेशन मुद्दाम ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायला सांगतात. त्याहून वर नेलेला ऑक्सिजन त्यांना अपाय करू शकतो. अशा माणसाच्या बोटाला तुमचे यंत्र लावा. ठरलेली मर्यादा ९० किंवा ९४. यंत्र रात्रभर वाजते, लाल दिवा लुकलुकतो, आणि उशाशी बसलेली मुलगी शेवटी ऑक्सिजनच्या यंत्राचा प्रवाह वाढवते, कारण तिला वडिलांचा जीव वाचवायचा आहे. आकडा ९७ होतो, गजर थांबतो, सगळे झोपतात. वडीलही झोपतात, आणि सकाळी उठवूनही नीट जागे होत नाहीत. हे मी रंगवून सांगत नाहीये, अति ऑक्सिजनाने गुंगी येणे ही श्वसनरोगाच्या वॉर्डात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. गजराची मर्यादा प्रत्येक रुग्णासाठी डॉक्टरांच्या सांगण्यावरून बदलता आली पाहिजे, खालचीच नव्हे तर वरचीही, आणि ती बदलणे तीन मेन्यूंच्या तळाशी दडलेले नसावे. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णासाठी वरच्या मर्यादेचा गजर असलेले घरगुती यंत्र किती कंपन्या विकतात, ते एकदा मोजा.

उशीर हा आणखी एक मुद्दा, पण लहान. फुप्फुसातला बदल बोटापर्यंत पोचायला अर्धा मिनिट सहज जातो, हात गार असतील तर जास्त. त्यात यंत्र काही सेकंदांची सरासरी काढते. म्हणून श्वास रोखून पाहणाऱ्याचा आकडा तो पुन्हा श्वास घेऊ लागल्यावर पडतो आणि तो घाबरतो. पडद्यावर ‘३० सेकंद थांबा’ अशी उलटी मोजणी दिली तरी निम्मी धावपळ वाचेल.

जाहिरातींबद्दल बोलणे मी टाळणार होते. पण एका बाजूला हसऱ्या आजी, काळजी घेणारा मुलगा, ‘आपल्या माणसांच्या प्रत्येक श्वासावर लक्ष’, आणि दुसऱ्या बाजूला तळाशी बारीक अक्षरांत ‘हे वैद्यकीय उपकरण नाही, केवळ तंदुरुस्तीसाठी’. दोन्ही एकाच पानावर. तंदुरुस्त माणसाला समुद्रसपाटीवर, शांत बसलेला असताना, सॅच्युरेशन पाहायची गरज क्वचितच पडते. तुमचे यंत्र विकत घेतो तो आजारी माणूस किंवा आजाऱ्याची काळजी वाहणारा माणूस. कायद्याच्या परीक्षेतून सुटण्यासाठी तंदुरुस्तीचे नाव आणि विक्रीसाठी आजाराची भीती, ही चतुराई मला अजिबात मान्य नाही.

घरच्या मोजणीला माझा विरोध आहे असे कुणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२१ मध्ये घरी असलेल्या कोविड रुग्णांसाठी ऑक्सिमीटरची शिफारस केली, पण ती रुग्णाला समजावून सांगणे आणि वैद्यकीय पाठपुरावा यांच्यासह. धाप जाणवायच्या आधीच ऑक्सिजन खाली गेलेली माणसे त्या काळात सर्वांनी पाहिली. अशांना हे यंत्र वेळेवर सावध करते. शिवाय एकाच यंत्रावर, एकाच बोटावर, रोज त्याच वेळी घेतलेल्या नोंदींचा कल हा एकट्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो. इथेही एक विनंती : सॉफ्टवेअर अपडेटमध्ये गणिताची पद्धत बदललीत तर आलेखावर त्या दिवशी उभी रेघ मारा. नाहीतर रुग्णाची तब्येत बदलली की तुमचे गणित, हे डॉक्टरांनी कसे ओळखायचे?

तेव्हा मागणे असे. सिग्नल पुरेसा नसेल तेव्हा आकडा दाखवू नका, आणि का दाखवत नाही ते साध्या शब्दांत लिहा : हात गार आहे, बोट हलतेय, पट्टा सैल आहे. आकडा दाखवाल तेव्हा खरे सॅच्युरेशन कुठून कुठपर्यंत असू शकते तेही दाखवा, ‘९२, बहुधा ८९ ते ९५’ असा. खोक्याच्या दर्शनी बाजूला तीन गोष्टी छापा : चाचणीत निघालेली चूक किती, किती माणसांवर तपासले, आणि त्यांत गडद त्वचेचे किती. चाचणी झालीच नसेल तर तेही तिथेच छापा.

ज्या कंपन्या यातले काही आधीच करतात त्यांनी जाहीरपणे सांगावे, मी फोन करणाऱ्यांना आनंदाने त्यांचे नाव सांगेन. बाकीच्यांच्या उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली,
रुग्णालयातील एक उपकरण तंत्रज्ञ